मध्यवस्ती पुन्हा चालती करताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

शहराच्या जुन्या मध्यवस्तीत दुकानं बंद पडतात, कार्यालयं बाहेरच्या रस्त्यांवर जातात आणि दिवेलागणीनंतर शुकशुकाट होतो. या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. दुकानदार, वास्तुविशारद, नगरसेवक, विद्यार्थी अशा अनेकांनी लिहिलं. निवडक प्रश्नांना आमच्या नगररचना आणि वाहतूक या विषयांच्या सल्लागारांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, असं आमच्या व्यापारी संघटनेचं म्हणणं आहे. बाजाराच्या मधोमध असलेल्या दोन पडक्या इमारती पाडून तिथे वाहनतळ करायचं घाटतंय. पाठिंबा द्यावा का?

देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक गाडी उभी राहायला साडेबारा चौरस मीटर पुरतात, पण ती आत-बाहेर करायला लागणारी वाट धरली की एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या मोकळ्या जागेत जेमतेम ३५ गाड्या मावतील. प्रत्येक जागेवर दिवसात चार गाड्या बदलल्या आणि गाडीमागे दीड माणूस धरला, तरी दिवसभरात २१० माणसं होतात, आणि तीही वाहनतळ सतत भरलेलं असेल तर. उलट दर दहा मिनिटांनी एक बस त्याच चौकात थांबली आणि प्रत्येक बसमधून पंधरा जण उतरले, तर चौदा तासांत १,२६० माणसं येतात. तीही एकाच दिशेने.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. दुकानांची रांग जिथे तुटते तिथून चालणारा माणूस मागे फिरतो. तीस-चाळीस मीटर लांबीची पत्र्याची भिंत किंवा गाड्यांची रांग लागली की पलीकडच्या दुकानांची वर्दळ घटते, मग तीही बंद पडतात आणि ती इमारत पाडून आणखी वाहनतळ करावं असं कुणीतरी सुचवतं. अमेरिकेतल्या अनेक शहरांचे मध्यभाग १९५० ते १९८० या काळात असेच एकेक भूखंड करत पोकळ झाले.

गाडी लावायला जागा मिळत नाही ही तक्रार खोटी नाही, पण तिचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. एक दिवस सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला बाजारातल्या प्रत्येक उभ्या गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टिपून घ्या. दुकानासमोरच्या जागेत चार तासांहून जास्त उभ्या राहणाऱ्या गाड्या कुणाच्या, हे त्या कागदावरून कळेल. बऱ्याच ठिकाणी त्या दुकानमालकांच्या आणि नोकरदारांच्याच असतात. त्या पाच-सात मिनिटांच्या अंतरावर हलवल्या आणि पुढच्या जागांना वेळेनुसार शुल्क लावलं की त्याच जागा गिऱ्हाइकाला मोकळ्या मिळतात. या विषयाचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांचं सूत्र असं : शुल्क इतकं ठेवावं की सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या आणि प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरी रिकामी राहील. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहराने जुन्या बाजारात १९९३ साली मीटर बसवले आणि त्यांचं उत्पन्न त्याच भागातले पदपथ, दिवे, साफसफाई यांवर खर्च केलं. आधी विरोध करणारे दुकानदार या अटीमुळे राजी झाले. तुमच्या संघटनेनेही हीच अट घालावी. पैसा पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला, तर रस्त्यावर फरक दिसत नाही आणि शुल्काची नाराजी तेवढी उरते.

प्रश्न : पालिकेने मध्यवस्तीतला चटई क्षेत्र निर्देशांक दुप्पट करून चार केला. त्याला बरीच वर्षं झाली, तरी एकही नवी इमारत उभी राहिलेली नाही. असं का?

कारण निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, वाढवला, पण त्याच्या आजूबाजूची कलमं तशीच राहिली. असा नियम तपासायचा असेल तर नियमावली मिटून ठेवा आणि भागातले दहा खरे भूखंड घेऊन त्यावर इमारत रेखाटून पाहा. एक उदाहरण इथेच करू.

भूखंड १२ मीटर रुंद, २५ मीटर खोल, म्हणजे ३०० चौरस मीटर. निर्देशांक चार असल्याने कागदावर १,२०० चौरस मीटर बांधता येतात. पण चारही बाजूंनी तीन मीटर सामासिक अंतर सोडा म्हटलं की उरतो ६ बाय १९ चा पट्टा, ११४ चौरस मीटरचा. १,२०० भरायला साडेदहा मजले लागतील. त्यातले जिना, लिफ्ट आणि पाण्याचे नळ प्रत्येक मजल्यावर पाव भाग खातात. शिवाय उंची वाढली की बहुतेक नियमावल्या आणखी अंतर मागतात, म्हणजे पट्टा अजून अरुंद होतो. आता त्यात पार्किंगची सक्ती धरा. ५० चौरस मीटरमागे एक गाडी म्हटलं तरी २४ गाड्या, म्हणजे ७२० चौरस मीटर. भूखंडाएवढी दोन तळघरंही अपुरी पडतील. आणि त्या तळघरात उतरायला तीन मीटरची खोली एकास आठ या उताराने गाठायची, तर उतारच २४ मीटर लांब होतो. भूखंडाची अख्खी लांबी त्यात संपली.

म्हणजे वाढीव निर्देशांक फक्त त्यालाच वापरता येतो जो शेजारचे पाच-सहा भूखंड विकत घेऊन एकत्र करील. छोटा मालक बांधत नाही आणि विकतही नाही, कारण निर्देशांक वाढल्याने जमिनीची अपेक्षित किंमत चढलेली असते. तो वाट पाहत बसतो आणि गाळा बंदच राहतो.

आता त्याच भूखंडावर नियम बदलून पाहा. बाजूची अंतरं शून्य, भिंतीला भिंत लावून. पुढचं अंतर शून्य, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग थेट पदपथाच्या कडेला. मागे सहा मीटर मोकळे, उजेड-वाऱ्यासाठी. पायाभूत क्षेत्र होतं १२ बाय १९, म्हणजे २२८ चौरस मीटर. पाच मजल्यांत १,१४० चौरस मीटर होतात, निर्देशांक ३.८. साडेदहा मजल्यांचं काम पाच मजल्यांत झालं. खर्च कमी, बांधकाम सोपं, रस्त्याची रांग अखंड. खोलीच्या मधोमध एक छोटी उजेडाची चौकट ठेवावी लागेल आणि अग्निशमनाच्या दृष्टीने सामायिक भिंत पुरेशी जाड, बिनखिडकीची हवी. त्या दोन अटी नियमातच लिहा.

पार्किंगची सक्ती काढणं हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे. लंडनने २००४ पासून किमान पार्किंगची अट सोडून कमाल मर्यादा धरली. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये संपूर्ण शहरातून किमान अट काढून टाकली. सक्ती काढणं म्हणजे पार्किंगवर बंदी घालणं नव्हे. ज्याला हवी तो बांधील, फक्त तिचा खर्च न वापरणाऱ्याच्या घरभाड्यात मिसळणार नाही.

वापरबदलाचं कलमही जरूर पाहा, कारण जुने गाळे तिथेच अडकतात. समजा २०० चौरस मीटरचं बंद पडलेलं कापडाचं दुकान आहे आणि कुणाला तिथे उपाहारगृह काढायचंय. वापर बदलला म्हणून नवी पार्किंग-अट लागू होते, दहा चौरस मीटरमागे एक या दराने वीस गाड्या. त्यासाठी ६०० चौरस मीटर हवेत, म्हणजे दुकानाच्या तिप्पट जागा. परवाना मिळत नाही, कुलूप तसंच राहतं. जुन्या इमारतीत वापर बदलताना नवी पार्किंग मागू नये, हे एक वाक्य नियमावलीत आलं तरी अनेक कुलपं उघडतील.

प्रश्न : मुख्य बाजाररस्ता गाड्यांना कायमचा बंद करावा, अशी आमच्या नागरिक मंचाची मागणी आहे. कोपनहेगनचं उदाहरण आम्ही देतो. ते बरोबर आहे ना?

उदाहरण बरोबर आहे, पण त्यासोबत कलामझूचंही वाचा. कोपनहेगनने स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये पादचाऱ्यांसाठी राखला. दुकानदारांचा विरोध होता, तरी तो टिकला आणि वाढत गेला. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कलामझूने त्याआधीच, १९५९ मध्ये असाच प्रयोग केला होता. तिथे १९९८ मध्ये काही भागात गाड्या परत आणाव्या लागल्या. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोने १९६४ मध्ये केलेला पादचारी रस्ता २०१७ मध्ये पुन्हा वाहनांना खुला झाला. त्या देशात अशा दोनशेच्या आसपास रस्त्यांपैकी बहुतेक टिकले नाहीत. बोल्डर, बर्लिंग्टन, शार्लट्सव्हिल यांसारखे टिकले, आणि या तिन्ही गावांत विद्यापीठ आहे.

फरक फरशीत किंवा कारंज्यात नव्हता. कोपनहेगनमध्ये त्या रस्त्याच्या आसपास आणि वरच्या मजल्यांवर माणसं राहत होती, रस्ता अरुंद होता आणि सार्वजनिक वाहतूक दोन्ही टोकांना होती. शिवाय तिथे मध्यभागातलं पार्किंग पुढची अनेक वर्षं थोडं थोडं करून कमी करत नेलं. अमेरिकी गावांत रस्ता बंद केला, पण त्याच्या मागे दोन्ही बाजूंना वाहनतळ केले आणि आसपासची घरं आधीच रिकामी झाली होती. पाचनंतर तिथून जायला कुणाकडे कारणच नव्हतं. पंचवीस मीटर रुंद रस्त्यावर तुरळक माणसं असली की तो आणखी ओसाड वाटतो.

त्यामुळे आमची कसोटी अशी. त्या रस्त्यापासून पाच मिनिटांच्या चालण्यात भरपूर माणसं राहतात का, आणि बंद करायच्या आधी तिथे पायी चालणाऱ्यांची संख्या गाडीतल्या माणसांहून जास्त आहे का? दोन्ही उत्तरं होकारार्थी असतील तर निःशंक बंद करा. नसतील तर फक्त बस, सायकल आणि सकाळची मालवाहतूक जाऊ द्या, आणि घरं वाढवण्याच्या मागे लागा. तिसराही मार्ग आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये आणि बेल्जियममधल्या गेंटने २०१७ मध्ये मध्यभागाचे विभाग पाडले. गाडीने कोणत्याही विभागात जाता येतं, पण एका विभागातून दुसऱ्यात सरळ जाता येत नाही, बाहेरच्या वर्तुळमार्गानेच जावं लागतं. येणारं गिऱ्हाईक अडत नाही, आरपार जाणारी रहदारी मात्र गळते. मधल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या गाड्यांपैकी ज्यांचं त्या भागात काहीच काम नसतं अशा कितीतरी असतात. त्या कमी करणं हेच खरं उद्दिष्ट आहे.

प्रश्न : आमच्या रस्त्याची एकूण रुंदी १८ मीटर आहे. चार लेन आणि दोन बाजूंना दोन-दोन मीटरचे पदपथ. यात काय बसवता येईल?

बरंच बसवता येईल. आज तुमच्याकडे साडेतीन मीटरच्या चार लेन, म्हणजे १४ मीटर डांबर आहे. साडेतीन मीटरची लेन महामार्गाच्या मापाची आहे. बाजारात तीन ते ३.३ मीटर पुरते, आणि लेन अरुंद झाली की चालक आपोआप वेग कमी ठेवतो. पदपथ म्हणायला दोन मीटर, पण त्यातून विजेचा खांब, फलक, पायऱ्या वजा केल्या की चालायला सव्वा मीटर उरतो. दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, चाकांची खुर्ची तर नाहीच.

नवी विभागणी अशी करा : एका बाजूला ४ मीटर पदपथ, मग ३.३ मीटरच्या दोन लेन, २.४ मीटरचा माल उतरवण्याचा आणि थोड्या वेळाच्या पार्किंगचा पट्टा, आणि दुसऱ्या बाजूला, जिथे दुकानं जास्त तिथे, ५ मीटर पदपथ. बेरीज १८. पदपथाचेही तीन भाग पाडा. भिंतीलगत अर्धा मीटर दुकानाच्या काचा पाहणाऱ्यांसाठी, मधला किमान दोन मीटर पूर्ण मोकळा, आणि रस्त्याकडचा दीड ते दोन मीटर झाडं, दिवे, बाक, कचरापेट्या यांसाठी. मधल्या भागात एकही खांब येता कामा नये. हे नकाशात ठिपकारेषेने दाखवा, नाहीतर वीज आणि दूरसंचार खात्यांचे खोके नेमके तिथेच उभे राहतात.

चौकात २.४ मीटरचा पट्टा पदपथात मिसळून टाका. मग ओलांडायचं अंतर फक्त ६.६ मीटर राहतं. वृद्ध माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो असं धरलं तर १४ मीटर ओलांडायला साडेसतरा सेकंद लागत होते, आता सव्वाआठ लागतील. सिग्नलचं चक्र ६० ते ९० सेकंदांत बसवता येतं आणि पादचाऱ्याला वाहनांच्या आधी तीन ते सात सेकंद हिरवा देता येतो, म्हणजे वळणाऱ्या चालकाला तो रस्त्यात आधीच दिसतो. कोपऱ्याची गोलाई तीन ते साडेचार मीटर त्रिज्येची ठेवा. ती आठ-नऊ मीटर असली की गाड्या वेग न घटवता वळतात.

आता बिघडतं कुठे ते सांगतो. सर्वांत जास्त चूक पाण्याच्या निचऱ्यात होते. पदपथ रुंदावला की जुनी जाळी रस्त्याच्या कडेला न राहता पदपथाखाली जाते, आणि नव्या कोपऱ्यात, नेमकं ओलांडायच्या जागी, पाणी साचतं. जाळी हलवण्याचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरा. पदपथावरून रस्त्यावर उतरण्याचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नको आणि त्याच्या तळाशी डांबराची उंच कड नको. कंत्राटदार शेवटी डांबराचा थर टाकतात आणि दोन-तीन सेंटिमीटरची पायरी तयार होते. चाकांची खुर्ची तिथेच अडते. दुसरी चूक झाडांची. एक मीटर बाय एक मीटर खड्ड्यात लावलेलं झाड काही वर्षांत खुंटतं किंवा फरशी उचलतं. मध्यम झाडाला किमान १५ घनमीटर माती हवी. ती पदपथाखाली सलग चर काढून देता येते, प्रत्येक झाडाला वेगळा खड्डा नको. तिसरी गोष्ट अग्निशमन दल. नकाशा पक्का होण्याआधी त्यांची सर्वांत लांब गाडी खरोखर आणून खडूने आखलेल्या वळणावरून फिरवून घ्या. असं न केल्यामुळे तयार झालेले कोपरे पुन्हा फोडावे लागतात.

प्रश्न : एकेरी रस्ते पुन्हा दुहेरी करावेत का?

बाजाराच्या रस्त्यांवर, हो. एकेरी जोड्या आरपार जाणाऱ्यांच्या सोयीसाठी केल्या गेल्या. त्यावर वेग वाढतो, बसचा जाण्याचा आणि येण्याचा थांबा वेगवेगळ्या रस्त्यांवर पडतो आणि पाहुण्याला परतीचा थांबा सापडत नाही. सहा मीटरहून अरुंद गल्ल्या मात्र एकेरीच राहू द्या. खर्चाचा मोठा भाग सिग्नलचे दिवे आणि खांब हलवण्यात जातो, तो आधी काढून घ्या.

प्रश्न : मध्यभागात रेल्वेस्थानक आहे, बसही येतात. तरी लोक गाड्याच काढतात. वाहतुकीला धरून नियोजन म्हणजे नेमकं काय करायचं?

नकाशावर स्थानकाभोवती ८०० मीटरचं वर्तुळ काढतात आणि हा भाग दहा मिनिटांच्या अंतरात आहे असं समजतात. ते वर्तुळ सुमारे २०१ हेक्टरचं असतं. पण माणूस हवेतून जात नाही. अगदी बारीक जाळीचे, काटकोनात छेदणारे रस्ते असले तरी प्रत्यक्ष चालून गाठता येणारा भाग १२८ हेक्टरच भरतो, म्हणजे ६४ टक्के. लांब भिंती, बंद फाटकं, कुंपण घातलेला रेल्वेमार्ग असला तर तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून पहिलं काम म्हणजे खऱ्या वाटा मोजणं आणि तुटलेल्या जोडणं. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे रस्त्यांनी वेढलेले चौकोन सुमारे ६० मीटरचे आहेत, सॉल्ट लेक सिटीचे २०० मीटरचे. दोन्ही शहरांत चालण्याचा अनुभव किती वेगळा असेल, हे या दोन आकड्यांतच दिसतं. जिथे चौकोन दीडशे मीटरहून मोठा आहे, तिथे नवं बांधकाम मंजूर करताना मधून तीन-चार मीटरची सार्वजनिक वाट मागून घ्या. एक भिंत फोडून काढलेली वाट कधीकधी नव्या बसमार्गाहून जास्त प्रवासी आणते.

दुसरं काम स्थानकाच्या दारापाशी. पहिले दोनशे मीटर वाहनतळाला दिले असतील तर सर्वांत मोलाची जमीन वाया गेली. गाडी ठेवून पुढे जाण्याची सोय शहराच्या कडेच्या शेवटच्या स्थानकांवर ठीक आहे, मध्यभागात नाही. व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनने मेट्रो महामार्गाच्या मधून न नेता जुन्या बाजाररस्त्याखालून न्यायला लावली. प्रत्येक स्थानकापाशी सर्वाधिक उंची आणि मिश्र वापर, आणि दूर जाल तसतशा कमी होत जाणाऱ्या इमारती, असा नियम केला. जुनी घरांची वस्ती त्यामुळे अबाधित राहिली आणि वाढ स्थानकांभोवती एकवटली. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ पासून जलद बसचे राखीव मार्ग आणि त्यालगतची उंच बांधकामं एकाच आराखड्यात बांधली. पाच अक्षांवर दाटी, बाकी ठिकाणी मर्यादा. वाहतूक आणि झोनिंग (कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम) या दोन खात्यांच्या दोन फायली राहिल्या तर हे होत नाही.

बसच्या बाबतीत प्रवासी वेळापत्रक पाठ करत नाही. दहा मिनिटांच्या आत पुढची बस येणार असेल तर तो घड्याळ न पाहता निघतो, वीस मिनिटांची असेल तर पर्याय शोधतो. आता हिशोब : फेरीला जाऊन-येऊन ६० मिनिटं लागत असतील तर दहा मिनिटांच्या अंतराने सहा बस लागतात. राखीव लेन, सर्व दारांनी चढणं आणि चौकाच्या पलीकडे हलवलेले थांबे यांनी फेरी ५० मिनिटांवर आली तर पाच बसमध्ये तेच वेळापत्रक चालतं. वाचलेली बस दुसऱ्या मार्गावर घाला. थांबे ३०० ते ४०० मीटरवर ठेवा. बससाठी पदपथात कापलेली खाच बुजवा, कारण खाचेत गेलेल्या बसला पुन्हा रांगेत कुणी शिरू देत नाही. त्याऐवजी पदपथच लेनपर्यंत पुढे आणा. बस जागेवर थांबेल आणि उभं राहायला ऐसपैस जागा होईल.

प्रश्न : रिकाम्या कार्यालयीन इमारतींत घरं करता येतील का? मी वास्तुविशारद आहे, दोन इमारती पाहिल्या आहेत.

आधी खिडकीपासून लिफ्टच्या गाभ्यापर्यंतचं अंतर मोजा. आठ-नऊ मीटर असेल तर घरं सहज बसतात. बारा-चौदाच्या पुढे गेलं की मधला पट्टा अंधारा राहतो, तिथे फार तर साठवणीच्या खोल्या होतात. वातानुकूलन सर्वत्र येण्याआधीच्या इमारती उजेडासाठी अरुंदच बांधलेल्या असत, म्हणून त्या सोप्या जातात. पुढची अडचण पाण्याची. कार्यालयात मजल्याला एकच शौचालयांचा गट असतो, घरांना प्रत्येकी उभी नळी लागते, आणि ताण दिलेल्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये छिद्रं पाडताना तारा तुटण्याचा धोका असतो. मजल्याची उंची, सुटकेचा दुसरा जिना आणि उघडणाऱ्या खिडक्या हेही तपासा. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये जुन्या इमारतींसाठी खास नियम केला. घरांच्या संख्येची मर्यादा शिथिल, नवी पार्किंग मागायची नाही. त्या एका नियमातून मध्यभागात हजारो घरं तयार झाली.

प्रश्न : नव्या इमारतींच्या तळमजल्यावर दुकानं सक्तीची केली. आता निम्मे गाळे रिकामे आहेत.

सक्ती फार लांबवर पसरली. मुख्य रस्त्याच्या तीनशे-चारशे मीटरवर, थांबे आणि चौक यांच्यालगत ती ठेवा. बाकीच्या ठिकाणी दुकान नको, पण दुकान होऊ शकेल असा तळमजला मागा : साडेचार मीटर उंची, निदान दहा मीटर खोली, पदपथाच्याच पातळीवर दार, दर आठ-दहा मीटरला एक. सध्या तिथे दवाखाना, शिकवणी, कारागिराची जागा किंवा पुढे छोटं अंगण असलेलं घर असू द्या. काचेची अट लिहिताना पारदर्शक हा शब्द विसरू नका, नाहीतर आतून कागद चिकटवलेली काच नियमात बसते. वाहनतळाचा उतार, विजेची खोली, कचऱ्याचं दार हे मागच्या गल्लीत.

प्रश्न : माल कधी उतरवायचा?

सकाळी सहा ते दहा, आणि दर ६०-८० मीटरला बारा मीटर लांबीचा राखीव पट्टा. पट्टा नसेल तर ट्रक बसच्या लेनमध्येच उभा राहणार. अपंगांच्या गाड्यांसाठीची जागा ५० मीटरच्या आत असावी, ती या वेळांत मोडू नये.

प्रश्न : हे सगळं झालं तर भाडी वाढतील आणि जुने दुकानदार, भाडेकरू बाहेर फेकले जातील. मग उपयोग काय?

ही भीती रास्त आहे आणि तिचं उत्तर पहिल्या दिवशी द्यावं लागतं, पाच वर्षांनी नाही. पालिकेच्या, रेल्वेच्या, बससेवेच्या मालकीच्या जमिनी विकू नका, दीर्घ भाडेपट्ट्याने द्या. त्यावर होणाऱ्या घरांचा ठरावीक हिस्सा परवडणाऱ्या भाड्याचा असावा, ही अट भाडेपट्ट्यातच असू द्या. निर्देशांक वाढवायचाच असेल तर सगळा एकदम वाढवू नका. काही भाग परवडणारी घरं किंवा जुन्या गाळेधारकाचं पुनर्वसन यांच्या बदल्यात द्या. एकदा मोफत दिलेला निर्देशांक परत मागता येत नाही. गाळ्यांच्या आकाराची कमाल मर्यादाही उपयोगी पडते, कारण छोट्या गाळ्यांचं भाडं छोट्या धंद्याला झेपतं आणि दारंही जास्त राहतात. आणि घरांचा पुरवठा खरोखर वाढू द्या. रस्ता सुंदर केला आणि वर घरं बांधायला मनाई ठेवली, तर भाडी वाढणं अटळ आहे. रस्त्याच्या कामात दुकानासमोर खोदकाम चालू असताना दोन-तीन महिने धंदा बसतो. तेवढ्या काळासाठी पालिकेने कर आणि भाडं माफ करावं आणि दारापर्यंत पक्की फळी टाकून द्यावी. छोटे दुकानदार नंतरच्या भाडेवाढीआधी या खोदकामातच बुडतात.

प्रश्न : पैसा एका वर्षापुरता आहे. सुरुवात कशाने करावी?

मोजणीने, आणि ती लगेच. चार ठिकाणं ठरवा. मंगळवार ते गुरुवारपैकी एक दिवस आणि शनिवार, सकाळी आठ ते रात्री दहा, दर तासाला दहा मिनिटं येणारे-जाणारे पादचारी मोजा आणि सहाने गुणा. सोबत थांबलेली, बसलेली माणसंही मोजा. दुकानांत येणाऱ्यांना कशाने आलात हे विचारा. दुकानदारांचा अंदाज आणि ही उत्तरं यांत अनेक शहरांत मोठी तफावत निघाली आहे, गाडीने येणारे अंदाजाहून कमीच असतात.

मग नियमावलीतले फुकटचे बदल : पार्किंगची सक्ती, वापरबदलाचं कलम, सामासिक अंतरं. त्यानंतर रंग, खांब आणि कुंड्या वापरून एका रस्त्यावर प्रयोग. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरपाशी ब्रॉडवेचा भाग आधी साध्या खुर्च्या ठेवूनच बंद केला, पक्कं बांधकाम पुढच्या काही वर्षांत झालं. प्रयोग किमान सहा महिने चालवा. पंधरा दिवसांच्या प्रयोगात फक्त चालकांचा गोंधळ मोजला जातो, कारण सवयी बदलायला काही आठवडे लागतात.

पक्कं काम हाती घेताना पाणी, सांडपाणी, वीज आणि केबलवाल्या सर्व खात्यांना एकाच टेबलावर बसवा, त्यांची पुढच्या पाच वर्षांची कामं त्याच चरात उरकून घ्या आणि त्यानंतर पाच वर्षं खोदकामाला परवानगी नाही असा ठराव करून ठेवा. फरशी अशी निवडा जिचे सुटे तुकडे पालिकेच्या भांडारात दहा वर्षं मिळतील. मोडलेल्या फरशीच्या जागी सिमेंटचं ठिगळ पडायला लागलं की दोन पावसाळ्यांत पदपथ पुन्हा चालण्याजोगा राहत नाही.